पाणकावळीचा ड्रायसूट

एका जंगलात क्लास नव्हते, म्हणून सगळ्यांना आपापली कामं येत होती.

त्या जंगलात डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं. पाणी असं गार की म्हशीसुद्धा आधी एक पाय घालून बघायच्या आणि मग विचार बदलायच्या. त्या तळ्यात हौसा नावाची पाणकावळी मासे धरायची. पाणकावळी तुम्ही पाहिली असेल, पोरांनो. काळी, लांब मानेची. दिसायला काही खास नाही. पण एकदा बुडी मारली की तळाचा मासा घेऊनच वर येणार.

तिचं गुपित साधं होतं. तिची पिसं भिजायची. भिजली की ती जड व्हायची, जड झाली की खाली जायची. बदकाची पिसं तेलकट, म्हणून बदक आयुष्यभर वरवर तरंगतं. हौसा भिजायची म्हणून बुडायची आणि बुडायची म्हणून जेवायची. वर आली की वाळक्या फांदीवर बसायचं, दोन्ही पंख पसरून उन्हात सुकवायचे आणि मग घरट्यात जायचं.

घरट्यात तीन पिल्लं होती. पाणकावळ्यांच्यात जेवण वाढायची एक रीत आहे. आई मासा गिळून आणते. घरी येऊन आ करते. पिल्लू तिच्या घशात डोकं घालतं आणि मासा काढून खातं. बघायला बरं दिसत नाही. पण पिल्लं वाढतात.

एके सकाळी हौसा अशीच पंख पसरून बसली होती. खालून चंद्रिका नावाची बदकीण चालली होती.

“काय गं हौसा, स्वतःलाच वाळत घातलंस होय?”

“हो. तुला काय अडचण आहे?”

“मला कसली अडचण? बरं दिसत नाही म्हणून म्हटलं. आजकाल चांगल्या घरातलं कुणी भिजत नाही गं.”

हौसा काही कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण त्या दिवशी तिनं पंख अर्धे मिटून घेतले. आपल्या पंखांतून टपटप पाणी गळतंय, हे तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.

आणि नेमके त्याच हंगामात झोळेसर आले.

झोळेसर म्हणजे पेलिकन. पांढरेशुभ्र, धिप्पाड, चोचीखाली लोंबणारी मोठी झोळी. बर्फाच्या देशातून उडत आले होते. लांबून आलेल्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला नक्की काय येतं. तळ्याकाठच्या खडकावर उभं राहून त्यांनी एक रबरी पोशाख फडकवला.

“याला म्हणतात ड्रायसूट. हा घालून बुडी मारायची. पाण्याचा एक थेंब अंगाला लागणार नाही. आत ऊब. बाहेर आलात की चारचौघांत बसायला मोकळे. पंख पसरून बसायची लाज नाही.”

“हे झाले फायदे,” हौसा म्हणाली. “तोटे काय?”

“तोटे शेवटच्या धड्यात आहेत.”

“आणि फी?” हे हौसाच्या नवऱ्यानं, म्हादूनं, विचारलं.

“फी कसली? शिकताना जे मासे निघतील ते क्लासचे. बास.”

म्हादूनं हौसाला कोपरखळी मारली. “बघ. फुकट आहे.”

तळ्यावरच्या सगळ्या पाणकावळ्यांनी नाव घातलं. हौसाही गेली. पिल्लं मोठी होतील, त्यांना कुणी वाळत घातलेली म्हणू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

पोशाख चढवणं हेच मुळात अर्ध्या दिवसाचं काम. आधी आतून लोकरीचा अंगरखा. त्यावर रबर. पंखांच्या टोकांना घट्ट पट्टी, पाणी शिरू नये म्हणून. गळ्याला त्याहून घट्ट पट्टी, त्याच कारणासाठी. चेन पाठीवर, ती आपली आपल्याला लावता येत नाही. म्हणजे बुडी मारायची तर आधी नवऱ्याची मनधरणी.

“गळा आवळतोय, सर.”

“बोलताय ना? मग आवळत नाहीये.”

हौसा पाण्यात उतरली आणि फुग्यासारखी वर राहिली. पोशाखात हवा होती ना. सरांनी पोटाला दगड बांधले. छातीवरचं बटण दाबलं की हवा आत, खांद्यावरचं दाबलं की हवा बाहेर, असं समजावलं. हौसानं जन्मभराच्या सवयीनं डोकं खाली घातलं. सगळी हवा सुळकन पायांत गेली. पाय वर, डोकं खाली, अशी ती तळ्याच्या मधोमध उलटी उभी राहिली. पाण्याबाहेर दोनच गोष्टी होत्या, तिचा डावा पाय आणि तिचा उजवा पाय.

मासे बघायला आले. एका मरळीनं आपली पोरंसुद्धा आणली.

“हौसा, तुझं डोकं कुठाय?” म्हादू काठावरून विचारत होता.

कशीबशी कोलांटी मारून ती सरळ झाली. नाकातोंडात पाणी, आणि पोशाखात एक थेंब नाही.

“सर, तुम्ही एकदा करून दाखवा की.”

“मी शिकवतो,” झोळेसर म्हणाले. “करणं हे वेगळं खातं आहे.”

हौसा जिद्दीची. रोज उलटी व्हायची, रोज सुलटी व्हायची. हळूहळू तिला हवेचं गणित जमलं. एक दिवस ती अलगद तळापर्यंत गेली. खोटं कशाला बोला, तिथं तिला बरं वाटलं. वरच्या पाण्यात दात वाजतील असा गारठा, आणि ही आत गोधडीत असल्यासारखी. इतकी निवांत ती तळाला कधी थांबलीच नव्हती. असाच जन्म गेला तर काय वाईट, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

समोरून एक लठ्ठ मासा चालला होता. तिनं धरला. गिळला.

मासा पट्टीपाशी अडकला.

तिनं मान ताठ केली, वाकडी केली. मासा खाली जाईना. शेवटी चोचीत मासा धरून ती वर आली. खडकाशी झोळेसर झोळी उघडून उभेच होते.

“शाब्बास. टाका इकडे.”

“पिल्लांना नेते म्हटलं.”

“शिकताना निघालेले मासे कुणाचे? ठरलं होतं ना?”

हौसानं मासा टाकला. दुसरा धरला, तोही टाकला. तळ्यावरची प्रत्येक पाणकावळी बुडी मारत होती, वर येत होती आणि झोळीत मासा टाकून पुन्हा खाली जात होती. इतकं शिस्तीत काम त्या तळ्यावर कधी झालं नव्हतं. जो वरच्या वर्गात जाईल त्याची पट्टी सर आणखी घट्ट करत. म्हादू सगळ्यात वरच्या वर्गात होता. तो पोशाख घरट्यातही काढायचा नाही. म्हणायचा, चारचौघं बघतात. पुढं पुढं तेही म्हणेना, कारण शब्द पट्टीवरून वर यायचे बंद झाले.

घरी पिल्लं आ वासून बसलेली. थोरल्यानं हौसाच्या घशात डोकं घातलं आणि लगेच काढलं. मधलीनं तसंच केलं. धाकट्यानं मात्र बराच वेळ आत शोधलं. मग डोकं बाहेर काढून आईकडे पाहिलं. रडला नाही. रडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा धडा होता. फायदे-तोट्यांवर खुली चर्चा. चंद्रिका बदकीण अध्यक्ष म्हणून आली होती. तिनं तो पोशाख कधी घातला नव्हता, म्हणून तिचं मत निःपक्षपाती धरलं गेलं.

“अतिशय सुंदर पोशाख आहे,” ती म्हणाली. “तळ्याची शोभा वाढली.”

झोळेसरांचं पोट आता खडकाला टेकत होतं. ते म्हणाले, “कुणाला काही तोटा जाणवत असेल तर मोकळ्या मनानं बोला.”

हौसा उभी राहिली. एव्हाना तिचीही पट्टी सरांनी आणखी घट्ट केली होती. तिच्याकडे बोलायला इतकं होतं की तळं आटलं असतं. तिनं चोच उघडली. “गुं,” एवढंच आलं.

दुसरी एक पाणकावळी उठली. “गुं.”

“कुणाचीही तक्रार नाही,” सर म्हणाले. “पोशाख एकमतानं मंजूर.”

चंद्रिकेनं पंख वाजवले. म्हादूनंही वाजवले.

हौसानं वाजवले नाहीत. ती चर्चेतून उठून सरळ काठावरच्या बाभळीकडे गेली. एका लांब काट्याला गळा लावला आणि मान जोरात फिरवली. फाडकन पट्टी तुटली. पोशाखातली हवा अशी सुटली की चंद्रिका दचकून पाण्यात पडली. तरंगली अर्थात.

“क्लासच्या पोशाखाचं नुकसान केलंत तुम्ही,” झोळेसर ओरडले.

“माझ्या गळ्याचं केलंत त्याचं काय?” हौसा म्हणाली. “शिकवायला आलात का झोळी भरायला? आणि तू गं चंद्रिके, स्वतः कधी तळ पाहिला नाहीस, मला काय शोभा शिकवतेस?”

काट्यांवर घासून घासून तिनं उरलेलं रबर अंगावेगळं केलं आणि तशीच उडी मारली. गार पाणी पिसांत शिरलं तेव्हा तिनं एक शिवी हासडली. ती इथं लिहिण्यासारखी नाही. पण ती जड झाली, खाली गेली, आणि घशात मासे कोंबून वर आली.

घरट्यात थोरला जेवला. मधली जेवली. धाकट्याचं डोकं तर आतून बाहेरच येईना.

तिकडे खडकावर झोळेसरांनी निकाल वाचला. सगळे पास. म्हादू पहिला. एक विद्यार्थिनी नापास.

संध्याकाळी म्हादू घरी आला. कोरडा ठणठणीत, डोळे खोल गेलेले. तो पिल्लांच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं चोच उघडली. हौसाला त्याची दया आली. नवरा होता शेवटी. राखून ठेवलेला एक मासा तिनं त्याच्या चोचीत दिला.

मासा पट्टीपाशी अडकला.

“अहो, आता तरी ती सोडा. काट्यानं काढून देते मी.”

म्हादूनं जोरजोरात मान हलवली. हौसाला त्याचं मान हलवणं कळायचं. तो म्हणत होता, पाणी शिरेल.

“घरट्यात कुठलं आलंय पाणी?”

त्यानं परत मान हलवली. पहिला नंबर आला होता त्याचा. तो मासा चोचीत तसाच धरून बसून राहिला.

सकाळी झोळेसर तिथून चालले होते. सहज म्हणून त्यांनी झोळी उघडली. आणि म्हादूनं मासा त्यात टाकला.

तात्पर्य : ज्याचं अंग कोरडं त्याला समाजात मान असतो. त्याच्या गळ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून पोरांनो, नेहमी कोरडं राहावं, सर समोर आले की चोच उघडावी, आणि पोरांची पोटं भरायचं काम एखाद्या भिजणाऱ्या बाईवर सोपवून तिला नापास म्हणावं.