पाचवा नमुना

उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या नव्या नकाशात जंगल एका वर्षात दुप्पट झालं होतं, आणि वनखात्याच्या नकाशा कक्षात साहेबांचे पाय तीन दिवस जमिनीला लागत नव्हते. जंगल दुप्पट म्हणजे खातं उत्तम. खातं उत्तम म्हणजे साहेब उत्तम. डोंगरावरच्या निम्म्या वनरक्षकांची आता गरज नाही, असं पत्रही त्यांनी वर धाडलं होतं. ज्याने नकाशा काढला, त्याला मात्र चैन पडत नव्हतं.

"साहेब, दगडखाणीत जंगल दिसतंय."

"तिथंही रुजलं? वा."

"बस आगारातही दिसतंय."

"आगारात किती?"

"सगळ्या आगारात. फाटकापासून डिझेलच्या पंपापर्यंत."

साहेबांचा चेहरा उतरला. "चारच्या आत चूक शोधा. पत्र मागे घ्यायचं तर आजच घ्यावं लागेल."

आता, संगणकाला जंगल कळत नाही. त्याला काही जागा दाखवून 'ही झाडं' असं शिकवावं लागतं, मग तो तशाच रंगाच्या जागा हुडकत सुटतो. असे पाच नमुने होते. चार डोंगरावरचे आणि पाचवा त्याने लाडाने घातलेला, गावाकडच्या आईच्या बागेचा. आईने बादल्या वाहून जगवलेली चाळीस झाडं होती ती. दरवर्षी नमुन्याची जागा डोळ्यांनी पाहून यायची असा खात्याचा नियम. पण दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर तिकडे जायचं त्याच्या जिवावर आलं. आईच्या झाडांवर कसली शंका घ्यायची, असं म्हणून त्याने तपासणीच्या रकान्यात बरोबरची खूण केली होती.

त्याने चित्र मोठं केलं. चार नमुने हिरवे होते. पाचवा खाणीसारखा तपकिरी.

त्याने वडिलांना फोन लावला. "बाबा, आईची झाडं?"

"वाळली रे. मागच्या उन्हाळ्यात. मला नाही झेपल्या बादल्या."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं की. फोनवर. तू 'बरं बरं' म्हणालास."

त्याला आठवेना, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. कामात असला की तो सगळ्यांनाच बरं बरं म्हणत असे. त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उगाचच एक फाइल उघडून तोंडासमोर धरली.

"बाबा, मी संगणकाला आईची जागा म्हणजे जंगल असं शिकवलं. मग त्याने उघडी जमीन दिसेल तिथं झाडं दाखवली."

"कुठं कुठं?"

"खाणीत. शाळेच्या मैदानावर. बस आगारात."

वडील हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "म्हणजे तिची झाडं आगारापर्यंत गेली म्हण. ती असती तर निघाली असती बादली घेऊन."

"आता ती पुसायचीयत मला. नाहीतर डोंगरावरचे निम्मे वनरक्षक कमी होतील."

"पुस बाबा. डोंगरावर माणसं लागतात." फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "जमलं तर संध्याकाळपर्यंत राहू दे."

साहेब दारात येऊन उभे होते. "सापडली चूक?"

"सापडली. माझीच आहे. पत्र आत्ताच मागे घ्या, साहेब."

"आणि नकाशा?"

एक नमुना काढून बटण दाबायचं, दहा मिनिटांचं काम होतं.

"नकाशाला वेळ लागेल," तो म्हणाला. "संध्याकाळ होईल."