घरी बाया किती?

कामठ्याच्या हॉलरवर, म्हणजे भात सडायच्या गिरणीवर, धान घेऊन गेलं की गिरणी चालवणारा डोमाजी पट्टा चढवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "घरी बाया किती जी?"

"चार. काऊन?"

"मंग तांदूळ लालच राहीन."

आणि खरंच, एका फेऱ्यातच तो तांदूळ काढून घ्यायचा. वरचा कोंडा तसाच. एकदा एका म्हाताऱ्या विधुराने सांगितलं, "माह्या घरी कोणीच नाई." डोमाजीने त्याचा तांदूळ मोगऱ्यासारखा पांढरा करून दिला. वर म्हणाला, "घ्या. कोणाचंच नुकसान नाई."

लोक त्याला 'कोंड्या' म्हणत. कामठ्यातली म्हातारी माणसं अजून ते नाव हसत घेतात. ते नाव मी ठेवलं होतं. पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट, मी तिथे शाळामास्तर होतो. पुढचं कोणालाच माहीत नाही, म्हणून आता लिहून ठेवतो.

डोमाजी एकदा बहिणीला घेऊन गोंदियाच्या डॉक्टराकडे गेला होता. डॉक्टराने पिवळ्या गोळ्यांची बाटली दाखवली. बाई बाहेर बसते त्याच्या आधीच्या आठवड्यात डोकं ठणकतं, अंग सुजतं, उगाच रडू येतं, राग येतो; काहींना या गोळ्यांतल्या जीवनसत्त्वाने बरं वाटतं. आणि तेच जीवनसत्त्व तुम्ही लोक कोंड्यातून म्हशींना घालता, असं डॉक्टर म्हणाला.

"म्हूनच आपल्या म्हशी पाहा, कशा शांत," डोमाजी सांगायचा. भाजलेला कोंडा, तीळ आणि गूळ यांची पुडी कायम त्याच्या खिशात. दिसेल त्याच्यापुढे धरायचा.

माझ्या घरी तो आठवडा दर महिन्याला यायचा. माझी बायको सुशीला एरवी हसतमुख. मग एकदम ताट आपटायची, चुलीपुढे रडत बसायची. मला वाटे, स्वभाव. दोनदा मी तिला माहेरी धाडलं होतं. आता कायमचं धाडायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

अशात हॉलरवर दहा जणांदेखत डोमाजी म्हणाला, "मास्तर, बाई मागच्या अमावास्येलेच माहेरी गेल्या होत्या न? त्याच्या आंधी गेल्या तवाही अमावास्याच होती. तुमच्या ध्यानात नाई येत काय?"

लोक हसले. मी घरी येऊन टाक उचलला. 'हा इसम परस्त्रियांच्या दिवसांची चौकशी करतो व गिऱ्हाइकांचा तांदूळ बिघडवतो' असा अर्ज गोंदियाला हॉलरच्या मालकाकडे पाठवला. खाली सही, समस्त गावकरी.

आठ दिवसांत डोमाजीचं काम गेलं. मालकाने अर्जच त्याच्या हातावर ठेवला. डोमाजीला वाचता येत नव्हतं. तो कागद घेऊन गावात दुसऱ्या कोणाकडे जाणार? माझ्याकडे आला.

मी माझंच अक्षर त्याला वाचून दाखवलं.

"कोणं लिवलं असन जी?"

"नाव नाही," मी म्हणालो.

"भाषा भारी आहे. शिकलेला माणूस दिसते."

मग त्याला अंगणातला छकडा दिसला, त्यात ठेवलेली सुशीलाची पेटी दिसली.

"मास्तर, हजेरीत चाळीस पोरं सांभाळता. भिंतीवर कोळशानं रेघा मारा. भांडण झालं का रेघ, बाई बाहेर बसली का गोल. तीन महिने पाहा. मंग पाठवा."

"तुला काय करायचं आहे?"

"माहीही बायको होती न. बोदलकश्याकडची. असाच छकडा जुंपला होता मी. डॉक्टरनं ते बाटली दाखवली, तवा तिले माहेरी धाडून पाच वर्सं झाली होती." तो खाली बघत बोलत होता. "तुमी चांगलं लिवता. तिले एक चिठ्ठी लिवून द्या. चूक तिची नव्हती म्हना."

ज्या टाकाने अर्ज लिहिला होता, त्याच टाकाने मी ती चिठ्ठी लिहिली. छकडा परत पाठवला.

तीन महिन्यांत भिंतीवरच्या रेघा प्रत्येक गोलाच्या अलीकडेच गोळा झाल्या. मी सुशीलाला दाखवल्या. "म्हंजे मी वाईट नाई न?" तिने विचारलं.

मग आमच्या घरी लाल भात सुरू झाला, तिळाची चटणी, लाखोरीच्या पाल्याची भाजी. रेघा संपल्या नाहीत, विरळ झाल्या. कोंड्यामुळे, की त्या आठवड्यात मी तोंड आवरायला शिकलो म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी तिरोड्याच्या बाजारात एका हॉलरवरून ओळखीचा आवाज आला. डोमाजीच. अर्ज मी लिहिला होता, हे सांगून टाकायचं म्हणून मी पुढे गेलो. ते राहून गेलं, म्हणून हा कागद. तोंडून निघालं ते भलतंच.

"डोमाजी, घरी बाया किती?"

त्याने हात धोतराला पुसले. मागे शिदोरीचं गाठोडं घेऊन एक बाई उभी होती.

"एक आहे जी, बोदलकश्याचीच," तो म्हणाला. "लाल भात पाहून रोज शिव्या देते. देऊ द्या."