रंगनाथमामा नाव घालायला जातात

तिसगावात कुणाच्याही पोराचं शाळेत नाव घालायचं असलं, की रंगनाथमामांना पुढं करायचे. मामांनी नाव घातलेलं पोर नापास होत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवलीही त्यांनीच.

भाची पंकजाला नगरच्या कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा तर मामांनी टोपी आदल्या दिवशीच धुतली.

"मामा, मोबाईलवर झालंय सगळं," पंकजा म्हणाली. "फक्त पाचच्या आत खिडकीवर जाऊन प्रवेश निश्चित करायचा. नाहीतर जागा दुसऱ्याला जाते."

"म्हंजे नाव घालायचं ऱ्हायलंच की!"

निघताना पंकजाची आई, गोजरबाई, उंबऱ्यात गुणगुणली :

नगराच्या वाटंवरी, टोपीला नवी घडी
भाचीचं नाव घालाया, मामानं धरली गाडी

कॉलेजातली रांग गोगलगायीच्या चालीनं सरकत होती. मामांच्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. इथं ना गुरुजी, ना पाटी. मग एवढ्या मोठ्या शाळेत नाव घालतात म्हणजे नेमकं करतात काय?

"पंके, वय भरलंय का न्हाई, ते हितं कसं बघत्यात?"

"काय माहीत."

"आमच्या वक्ताला डोक्यावरनं हात न्यायचा, पल्याडचा कान धरायचा. कान घावला, की घातलं नाव. तू धरून ठिव. ऐनवेळी अडायला नको."

वाद घालत बसलं तर इथंच पाच वाजतील, म्हणून पंकजानं कान धरला.

मागं श्रीरामपूरच्या मुबारकबी लेकीला घेऊन उभ्या होत्या. "हे नवीन निघालं काय?"

"जुनंच हाय. परत आलंय," मामा अधिकारानं म्हणाले.

"तमन्ना, पकड कान."

तमन्नाचं बघून तिच्या मागच्यानं धरला, त्याचं बघून त्याच्या मागच्यानं. वाऱ्यानं बाजरी लवावी, तशी सगळी रांग दारापर्यंत कान धरून उभी राहिली.

खिडकीतल्या काकासाहेब क्लार्कनी चष्म्यावरून बाहेर पाहिलं. "आंदोलन दिसतंय," असं पुटपुटून त्यांनी खिडकी लावून घेतली.

घड्याळ पाचाकडं निघालं होतं. पंकजाचे डोळे भरून आले. "मामा, हाच का तुमच्या हाताचा गुण?"

मामांना ते बाभळीच्या काट्यासारखं लागलं. त्यांनी खिडकीवर टकटक केली. "सायेब, आंदोलन न्हाई. आमी नाव घालतोय."

फट उघडली. "कान धरून?"

"तुमचं कसं घातलं हुतं?"

फटीतल्या काकासाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग आवाज आला, जरा मऊ. "माझा हात पोचला न्हवता. गुरुजींनी माघारी धाडलं. घरापर्यंत रडत गेल्तो."

खिडकी सताड उघडली. कागद बघितले, शिक्का बसला. "झालं. घातलं नाव."

"एवढंच?" मामांचं समाधान होईना.

काकासाहेब हसले. "मामा, एवढ्यांना कान धरायला लावलात. आता तुमी धरून दाखवा."

"त्यात काय." मामांनी झोकात हात वर नेला. खांदा कटकन वाजला. हात टोपीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. कान चांगला वीतभर लांब.

"पुढच्या वर्षी या," काकासाहेब म्हणाले, आणि त्यांनी तमन्नाला पुढं बोलावलं.