थंड गाडीचं दुःख

ऐन वैशाखात मोटारीतला हीटर लावून बसणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच होता, आणि तो रामवाडीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. धर्माकाका. "इंजिनाची आग आपण वाटून घ्यायची," म्हणत ते शर्टाचं एक बटण सोडत. त्या वाटपात दर खेपेला माझं किलोभर वजन उतरे.

मोटार मात्र स्वप्नात यावी अशी. विलायती, हिरवी, सहा सिलिंडरची, दोनच माणसांची. कुण्या संस्थानिकाने शर्यतीसाठी आणवलेली. सुरू झाली की खाडीपलीकडची कुत्री उठून उभी राहत. तापली की बॉनेटवर पापड भाजता येत. मी खाल्लेत, मिरीचे. पण तापल्या गाडीत काका कुणाला गार पाणी ओतू देत नसत. "इंजिन म्हंजे बाळंतीण. आधी कोमट!"

माणूस हाडाचा मिठागरवाला. पहिल्या वर्षी त्यांनी रेडिएटरमध्ये खाडीचं खारं पाणी भरलं. "मिठानं मासा टिकतो, मंग लोखंड का नाय टिकनार?" महिन्याभरात आत मीठ पिकलं. ते खरवडून काकांनी कैरीचं लोणचं घातलं. ते खाल्लेला एकही माणूस पुढे आजारी पडला नाही. थोडा गंजला, एवढंच.

तेव्हापासून गाडीला गोडं पाणी, आणि तेही रोह्याच्या वाटेवरल्या गडब गावच्या एकाच विहिरीचं. विहीर चांगुणाबायची, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीची. बापाचं मिठागर तिला न विचारता विकून काकांनी ही मोटार आणली, त्या दिवसापासून बायने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पण दर रविवारी काका गाडीला रोह्याची नदी दाखवायला निघत, आणि गाडी बरोबर बायच्या दाराशी तापे. बाय कोमट पाण्याचा हंडा घेऊन बाहेर येई आणि बोले ती गाडीशी.

"पी गो पोरी. मालक येडा, त्यात तुझा काय दोष?"

काका रस्त्याकडे बघत उभे राहत. एवढं कानावर पडलं की त्यांचा आठवडा निघे.

आता माझा गाढवपणा सांगतो. मी रोह्याच्या एका कंपनीत फिटर. शेजारधर्म म्हणून एका शनिवारी मी रेडिएटरला नवी जाळी बसवली, पंख्याचा पट्टा बदलला आणि जाहीर केलं, "काका, आता ही वाळवंटातसुद्धा तापायची नाही!" काका "शाबास" म्हणाले, पण तोंड बुडत्या होडीसारखं. मला वाटलं, आनंद झेपला नाही.

रविवारी निघालो. हीटर बंद. उन्हात मिठाच्या पांढऱ्या राशी जमिनीला न टेकता तरंगत होत्या. पुढचा रस्ता पाणी होऊन पळत होता आणि गाडी झोपेत गुणगुणावं तशी त्याच्यामागे. मीही अर्धा झोपेतच होतो. काका मात्र तापमानाच्या काट्याला टिचक्या मारत होते.

"ताप गो. जराशी तरी ताप!"

काटा हलेना. गडब आलं. आवाज ऐकून बाय हंडा घेऊन दारात उभीच होती. काकांचा पाय ब्रेकपर्यंत गेला आणि परत आला. घर मागे पडलं.

"आता कुठल्या तोंडानं थांबू रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी फर्लांगभर पुढे गेली. मग काकांनी गाडी थांबवली आणि ती शर्यतीची राणी तेवढं सगळं अंतर उलटी, बैलगाडीच्या चालीने मागे आणली.

बायने बॉनेटवर हात ठेवला. "गार हाय," ती गाडीला म्हणाली. "मंग कशाला आलीस गो?"

गाडी काय सांगणार? काका खाली उतरले.

"बाय, तिला नको. मला तहान लागलीय."

बायने हंड्यातल्या कोमट पाण्याकडे पाहिलं. मग हंडा तिथेच ठेवून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती आली ती तांब्या घेऊन, आणि तळहातावर गुळाचा खडा. उन्हातून घरी आलेल्या माणसाला देतात तसा.

"सावलीत बस, धर्मा."

काका ओट्यावर बसले. गूळ त्यांनी तोंडात टाकला आणि पाणी प्यायचं विसरूनच गेले.