गोलकीपर सापडला

ताईच्या शिवणाच्या खोलीतलं लोखंडी कपाट धाकट्या भावाने 'तात्पुरतं' घेतलं, तेव्हा त्याचे केस काळे होते. आता ते पिकले होते आणि कपाट अजून तात्पुरतंच होतं. आत च्युइंगमच्या पाकिटांतून निघालेली, फुटबॉलपटूंची जुनी कार्डं. संघवार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड. ताईची कापडं मात्र पलंगाखाली. भावाला घरात सगळे सर्वज्ञ म्हणत. कौतुकाने म्हणतात, असा त्याचा समज होता.

शेवटी करार झाला. जुन्या संग्रहांची किंमत करणारे पारखी बोलवायचे. किंमत नव्या कपाटापेक्षा जास्त आली, तर सर्वज्ञ ताईला नवं कपाट घेऊन देणार. कमी आली, तर हे कपाट आजच रिकामं.

"कमी?" सर्वज्ञ हसला. "ताई, अशा एका कर्णधाराच्या कार्डात परवा कुणीतरी मोटार घेतली. त्याला गुणिले सगळी कार्डं. कर हिशेब!"

"सगळे कर्णधारच आहेत का रे?"

"तुला यातलं कळत नाही."

पारखी आले. त्यांनी पहिल्या गठ्ठ्याचा रबरबँड काढायला घेतला, तर तो तुटला आणि अर्धा कर्णधाराच्या गालाला चिकटून राहिला. मग पारख्यांनी कार्ड उजेडात धरलं.

"याचे कोपरे गोल कसे?"

"सगळ्यांचेच आहेत," सर्वज्ञ अभिमानाने म्हणाला. "कुरतडल्यासारखे दिसायचे. मी स्वतः बसून नेलकटरने एकसारखे केले. हाताच्या हां, पायाच्या नाही!"

पारख्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कोपरे उगवले नव्हते.

"सुटं एकही कुणी घेणार नाही," ते म्हणाले. "सगळे गठ्ठे मिळून..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "हे इस्त्रीचं टेबल येईल."

ताई वाकून पलंगाखालचं गाठोडं बाहेर ओढू लागली.

"थांब गं! अहो, एखादा संघ पूर्ण असला तर भाव वाढतो ना?"

"वाढतो. पण तुमच्या त्यातल्या त्यात बऱ्या संघाला गोलकीपरच नाही."

सर्वज्ञाचं हे जुनं दुखणं. ताईला त्याची दया आली. "तेव्हाचं एक न फोडलेलं पाकीट आहे माझ्याकडे," असं म्हणत तिने मशीनचा खण किंचित उघडला. "मला कुठे ते च्युइंगम आवडायचं!"

पारखी ताडकन उठले. "बाई, ते जरा जपून—"

तोवर सर्वज्ञाने पाकीट दातांनी फाडलंसुद्धा. च्युइंगमचा भुगा त्याच्या सदऱ्यावर सांडला आणि हातात आला साक्षात गोलकीपर!

"सापडला! संघ पूर्ण! आता बोला किंमत!"

पारखी हळूहळू खाली बसले. "आता इस्त्रीच्या टेबलावर इस्त्रीपण येईल."

"बस्स?"

"न फोडलेल्या पाकिटात नवं कपाट आलं असतं. आरशाचं."

सर्वज्ञाने गठ्ठे पिशव्यांत भरले आणि गोलकीपर खिशात घालून गेला.

तो जिना उतरल्याची खात्री करून ताईने मशीनचा खण पुरता ओढला. आत, बॉबिनच्या मागे, न फोडलेल्या पाकिटांची चळत होती.

पारखी खणावर वाकले. "अहो, मग मघाशी एकच आहे म्हणालात ते?"

"त्याच्यासमोर ना," ताई कपाटाचा मोकळा कप्पा पुसत म्हणाली, "मी लहानपणापासून एका वेळी एकच काढते."