तिसरं ‘नको’

चौगुले आमच्याकडे जेवायला आले की उपाशी घरी जात.

घरी म्हणजे आमच्याच मागच्या खोलीत. बदली होऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला आलेला हा एकटा जीव आमच्या आईने भाडेकरू म्हणून ठेवून घेतला, आणि तेव्हापासून कोल्हापूर आमच्या घरात राहायला आलं. तिथलं पाणी गोड, माणसं दिलदार, तांबडा रस्सा असा की मेलेला उठून बसावा. आमच्या सोलकढीला ते ‘लाजलेला पांढरा रस्सा’ म्हणत आणि कुळथाच्या पिठीला ‘दवाखान्यातलं’.

“आणि तुमची माणसं!” ते म्हणत. “दारात पाव्हणा बघून इचारत्यात, चहा घेणार काय? अवो, इचारायचं असतंय व्हय?”

आता रत्नागिरीत शब्दाला किंमत आहे. माणूस ‘नको’ म्हणाला की आम्ही त्याच्या मताचा आदर करून पातेलं झाकतो. उरलेलं संध्याकाळी होतं. सणावारी आई चौगुल्यांना बोलावी, पहिला भात वाढी आणि विचारी, “आणखी घालू?” चौगुले ताटावर हात आडवा धरून म्हणत, “नको, नको.” आई पुढच्या पानाकडे जाई. चौगुले बराच वेळ तो हात तसाच धरून बसत.

एकदा न राहवून त्यांनी आम्हाला शास्त्र समजावलं. “आमच्याकडं तीनदा नको म्हणायचं असतंय. पहिलं लाजंचं. दुसरं रीतीचं. तिसरं खरं, पर ते कोण ऐकतंय? आमची वैनी तर हात बाजूला सारून वाढती.”

“मग पहिल्यांदाच हो म्हणायला काय जीभ झिजते मेली?” आई म्हणाली.

दोन्ही बाजूंनी कोणी हटलं नाही. चौगुले सहा वर्षं बाणेदारपणे अर्धपोटी राहिले.

मे महिन्यात त्यांनी महिन्याची रजा टाकली. आंब्याची पेटी घेतली, दाढी करून आले. भावाने रंगीत टीव्ही घेतल्याचं सगळ्या आळीला सांगून झालं. “आता महिनाभर माणसांत ऱ्हातो,” असं आम्हा जनावरांना ऐकवून ते आंबा घाटातून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तर दारात चौगुले. हातात पिशवी, चेहरा गाडीतल्या धुळीने माखलेला.

“हे काय? वहिनींनी सोडलं कसं?” मी टोमणा मारला.

ते उंबऱ्यातच टेकले. “टीव्ही चालू हुता. वैनीनं तिकडं बघतच इचारलं, भावजी, जेवणार काय? मी म्हणलं, नको.”

“मग?”

“मग काय? बरं म्हणाली.”

मला हसू यायला हवं होतं. सहा वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो. पण दुसरं ‘नको’ म्हणायची पाळीच त्या बिचाऱ्यावर कोणी आणली नव्हती.

आई उठली. जन्मात कुणाला दुसऱ्यांदा न विचारलेल्या माझ्या आईने पाट मांडला, ताट ठेवलं.

“बसा, चौगुले.”

“नको, काकू. गाडीत खाल्लंय.”

“बसा म्हणते ना!”

“नको, खरंच नको.”

आईने भात वाढला, वर पिठी ओतली. “तिसरं राहिलं असेल तर तेही म्हणून घ्या, नि जेवा. निवतंय मेलं.”

चौगुल्यांनी तोंड उघडलं, पण ते तिसरं काही बाहेर पडेना. पाटावर बसून खाली मान घालून ते जेवू लागले. त्या दवाखान्यातल्या पिठीने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

“तिखट न्हाई अजिबात,” नाक ओढत ते म्हणाले.

“नसेना,” आई म्हणाली आणि न विचारता आणखी भात वाढला. चौगुल्यांनी हात आडवा धरला नाही.