एकच डोकं, पाच दुकानं

झुलप्याला ऑफिसात झुलप्या म्हणायचे ते कपाळावर लोळणाऱ्या केसांमुळे. नोकरी भाव गोळा करायची. दुकानोदुकानी जायचं, साबण केवढ्याला, दूध केवढ्याला, लिहून आणायचं. या वेळी काम वेगळं होतं. एकच गोष्ट जगातल्या कुठल्या देशात केवढ्याला पडते, ते ताडून बघायचं होतं. त्याच्या वाट्याला आली कटिंग.

"पाच दुकानं कर," साहेब म्हणाले. "फक्त कात्री. मशीन नाही, दाढी नाही, मालिश नाही. सगळ्या देशांत काम तेच हवं, तरच तुलना. आणि पाटीवरचा भाव नको. गिऱ्हाईक खरंच किती देतं ते आण."

झुलप्या खूश. जिच्याशी लग्न करायचं होतं तिच्या वडिलांना त्याला त्याच संध्याकाळी भेटायचं होतं. वडिलांच्या मनात परदेशातला एक मुलगा भरला होता, पगार याच्या चौपट. "निदान माणसासारखा दिस. केस काप," असं तिने बजावलं होतं. आता सरकारी खर्चाने कटिंग आणि वर सासरे खिशात. एका दगडात दोन पक्षी.

पहिल्या दुकानात त्याने नुसतं विचारलं, "कटिंगचे किती?"

"डोकं बघून सांगतो. बसा."

बसला. झकास कापले. आरशात बघून झुलप्या स्वतःलाच पसंत पडला. पण दुकानं अजून चार होती आणि डोकं एकच. थोडे थोडेच घ्या म्हणू, त्याने ठरवलं.

दुसऱ्या कारागिराने दोन बोटांत केस धरले. "हे कुणी कापलं? तुमचं काही वैर होतं का त्याच्याशी?"

"थोडेसेच घ्या."

"आधी लेव्हल तर करू द्या."

लेव्हल झाली. तिसऱ्याला ती पटली नाही. "डावीकडे उतार आहे. पाणी साचेल." त्याने उजवीकडचेही उतरवले.

चौथ्याने काही न विचारता मागून मशीन लावलं.

"अहो, मशीन चालत नाही."

"कुणाला?"

"बाकीच्या देशांना."

कारागीर थांबला. "बाकीचे देश तुमच्या डोक्यात कधीपासून आहेत?"

तोवर मानेपासून टाळूपर्यंत रस्ता झाला होता. मशीन लागलं म्हणजे हे दुकान बाद. मग त्याच्या बदली गाठलेल्या पुढच्याने आजूबाजूचे केस कात्रीने त्या रस्त्याच्या पातळीला आणून ठेवले. शेवटच्याने हवेत दोनदा कात्री वाजवली आणि पैसे घ्यायला नकार दिला.

"घ्या हो, सरकारी काम आहे."

"मीपण माणूस आहे. घरी काही झालंय का तुमच्या?"

झुलप्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, पाचव्याचे शून्य लिहू?"

"शून्य? आपल्याकडे केस फुकट कापतात असं जगाला कळवू? थांब. तू सगळीकडे स्वतःचंच डोकं नेलंस?"

"दुसरं कुठून आणू?"

"अरे, ऑफिसात चाळीस डोकी रिकामी बसलीयेत. आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, बाबा रे, किती दिलेस? संपलं."

हे झुलप्याला सुचलंच नव्हतं. तो फूटपाथवर उभा राहिला. डोक्याला गार वारा लागत होता.

संध्याकाळी तिने दार उघडलं. "कोण हवंय?" मग ओळख पटली. "आत ये. जास्त बोलू नकोस."

वडील खुर्चीत ताठ बसले होते. "हे काय करून घेतलंस?"

झुलप्याने सगळं खरं सांगून टाकलं. पगारही सांगितला.

"तिकडच्याला चौपट आहे," वडील म्हणाले.

"आहे ना, काका. पण तिथले भावही तिथलेच. मागच्या वेळी ताडून बघितलं तेव्हा तिकडे कटिंगला इथल्या सहापट पडत होते."

वडील खुर्चीत पुढे सरकले. "सहापट?"

"पण नुसत्या कटिंगवरून ठरत नाही. शेकडो वस्तू असतात. काही तिकडे स्वस्तही..."

"तू कटिंगचंच बोल. म्हणजे पगार चौपट, कटिंग सहापट. आणि तुला किती पडतात?"

झुलप्याने डोक्यावरून हात फिरवला. "शेवटच्याने तर घेतलेच नाहीत."

वडिलांनी ते डोकं एकदा नीट न्याहाळलं. मग मुलीला म्हणाले, "तिकडच्यांना कळवून टाक. मुलगा चांगला आहे, पण आपल्याला परवडायचा नाही म्हणावं."